बंदूक, कॅमेरा आणि पिसे

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर परिसरात सातभाई हा पक्षी कुणाला नवा नाही. बाभळीखालचा पाचोळा उलटापालटा करणारी, सतत कलकलाट करणारी ही मातकट पक्ष्यांची टोळी मराठवाड्यातल्या कोणत्याही शाळेच्या आवारात दिसते. रंगरूपाने हा पक्षी इतका साधा, की त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही. पण याच सातभाईच्या कुळातला एक अत्यंत देखणा पक्षी अरुणाचल प्रदेशच्या डोंगरी जंगलात राहतो. २००६ सालापर्यंत विज्ञानाला त्याची माहितीच नव्हती. त्याचा शोध लावला तो पुण्यात काम करणाऱ्या एका खगोलशास्त्रज्ञाने. शोधाची घोषणा करताना त्याने पक्षी मारला नाही. जगाला त्याने दाखवली ती छायाचित्रे, काही पिसे, आवाजाचे ध्वनिमुद्रण आणि काटेकोर नोंदी.

यात विशेष ते काय, असे एखादा विद्यार्थी विचारील. विशेष आहे. ते समजण्यासाठी पक्षिशास्त्राच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

बंदुकीचा काळ

एकोणिसाव्या शतकात पक्ष्यांचा अभ्यास करणे म्हणजे पक्षी मारणे, असेच समीकरण होते. पक्षी बंदुकीने पाडायचा, त्याची कातडी पिसांसकट सोलायची, आतून आर्सेनिकयुक्त साबण चोळायचा म्हणजे कीड लागत नाही, मग कापूस भरून ती शिवायची आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, नर की मादी आणि नमुना मिळवणाऱ्याचे नाव लिहिलेले असे. अशा नमुन्यांनी संग्रहालयांचे खण भरून गेले.

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनामुळे आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असते. हेच ह्यूम भारतीय पक्षिशास्त्राचे एक जनक मानले जातात. सिमल्यातील आपला संग्रह त्यांनी त्याच १८८५ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यात साठ हजारांहून अधिक पक्ष्यांच्या कातड्या होत्या. ते पक्ष्यांविषयीचे एक नियतकालिकही चालवत. त्याचे नाव होते 'स्ट्रे फेदर्स', म्हणजे 'विखुरलेली पिसे'.

ही पद्धत विसाव्या शतकातही चालू राहिली. डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. त्यांनी हाती घेतलेली ही पहिली मोठी प्रादेशिक पाहणी. त्या वेळी सारा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि शिरड शहापूर परभणी जिल्ह्यात होते. स्वतंत्र हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. या पाहणीतही नमुने बंदुकीनेच गोळा केले गेले. पुढे पक्षिसंरक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सालिम अलींना त्यात विसंगती वाटत नव्हती, कारण दुर्बिणीतून पाहिलेल्या पक्ष्याचा पुरावा दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. 'मी पाहिला' हे विधान झाले. 'हा पहा' म्हणता येणे हा पुरावा झाला.

नमुना कशासाठी लागतो

नव्या जातीचे वर्णन करताना शास्त्रज्ञ एक विशिष्ट नमुना निवडतो आणि जातीचे नाव त्या नमुन्याशी बांधतो. त्याला प्ररूप म्हणतात. मापाच्या बाबतीत वाद झाला तर प्रमाण वजन-माप काढून पाहावे, तसे जातीविषयी वाद झाला तर प्ररूप काढून पाहायचे. पंखाची लांबी, चोचीची जाडी, पिसांच्या रंगातील बारीक छटा हे सारे शंभर वर्षांनीही पुन्हा तपासता येते.

जुने नमुने कधी कधी अनपेक्षितपणे उपयोगी पडतात. ब्रिटनमधील बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच का फुटतात, हा प्रश्न १९६०च्या दशकात डेरेक रॅटक्लिफ यांना पडला. त्यांनी संग्रहांतील जुन्या अंड्यांची कवचे तपासली. १९४७च्या सुमारापासून कवच पातळ होत गेल्याचे त्यांना दिसले. डीडीटीसारखी कीटकनाशके वापरात आली ती त्याच काळात. १९६७ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांनी ती अंडी गोळा केली होती, त्यांना डीडीटी हे नावही माहीत नव्हते. म्हणून जुन्या संग्राहकांना सरसकट दोष देणे योग्य नाही.

पण पक्षी मुळातच थोडे उरलेले असतील तर काय? मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटावर काराकारा जातीचा एक शिकारी पक्षी होता. १ डिसेंबर १९०० रोजी रोलो बेक या संग्राहकाला अकरा काराकारा दिसले. हा पक्षी येथे अजून पुष्कळ असावा, अशा समजुतीने त्याने त्यांतील नऊ टिपले. त्यानंतर ही जात जवळजवळ दिसलीच नाही आणि लवकरच नामशेष झाली. शेळ्या पाळणाऱ्यांनी तिचा आधीच संहार केला होता, हे खरे. पण शेवटचा मोठा घाव अभ्यासकाच्याच हातून बसला.

कॅमेरा येतो

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोघे भाऊ वेगळा मार्ग शोधत होते. १८९२ मध्ये त्यांनी अंड्यांसह एका घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवर छायाचित्रांनी सजलेले पुस्तक काढले. त्या काळी कॅमेरा जड, काचा हाताळायला नाजूक आणि भिंगे जवळूनच उपयोगी पडणारी. त्यामुळे पक्ष्याजवळ जाणे भाग होते. पक्षी बुजू नयेत म्हणून कीर्टन बंधूंनी पेंढा भरलेल्या बैलासारखा एक पोकळ सांगाडा केला आणि त्याच्या पोटात बसून छायाचित्रे घेतली! भारतात ई. एच. एन. लोथर यांनी अनेक वर्षे पक्ष्यांची छायाचित्रे घेऊन १९४९ मध्ये 'ए बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' हे पुस्तक प्रसिद्ध केले.

तरीही छायाचित्राला नमुन्याची जागा मिळाली नाही. याचे एक कारण तांत्रिक होते. भर उन्हात १०० आयएसओच्या फिल्मवर, भिंगाचे द्वार एफ ५.६ ठेवून छायाचित्र घ्यायचे तर सुमारे १/८०० सेकंदाचे प्रकाशन पुरते. दाट जंगलाच्या तळाशी उन्हातल्या प्रकाशाच्या एक टक्का प्रकाश पोचतो असे धरा. तेथे शंभरपट वेळ, म्हणजे १/८ सेकंद लागेल. एवढ्या वेळात झुडपात उड्या मारणारा पक्षी हललेला असतो आणि फिल्मवर उरतो तो एक रंगीत फराटा. म्हणूनच तळ्याकाठच्या बगळ्यांची उत्तम छायाचित्रे लवकर मिळाली. डोंगरी जंगलातले रंगीबेरंगी, चपळ पक्षी मात्र कॅमेऱ्याला दीर्घकाळ हुलकावणी देत राहिले.

नमुनाही खोटे बोलतो

संग्रहालयातील नमुना म्हणजे अखेरचा शब्द, या समजुतीला धक्का देणारी एक घटना महाराष्ट्राशी संबंधित आहे. रानपिंगळा या घुबडाचे वर्णन ह्यूम यांनीच १८७३ मध्ये केले. पुढे १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचे नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा कुणाला दिसला नाही. अपवाद फक्त एका नमुन्याचा होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित संग्राहकाच्या चिठ्ठीनुसार तो १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे मिळाला होता.

अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी सहकाऱ्यांसह हा नमुना क्ष-किरणांनी तपासला. कातडी शिवण्याची आणि आत भराव घालण्याची प्रत्येक संग्राहकाची लकब असते. ही लकब डेव्हिडसन यांची निघाली. माइनर्ट्‌झहागेन यांनी संग्रहालयातून डेव्हिडसन यांचा नमुना पळवला होता, पुन्हा शिवला होता आणि त्यावर स्वतःची खोटी चिठ्ठी बांधली होती.

त्या नमुन्यावर विसंबून शोध घेणारे चुकीच्या ठिकाणी फिरले असते. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी विश्वासार्ह चिठ्ठ्यांचा माग घेतला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा त्यांच्यासमोर फांदीवर बसलेला होता. तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, आज तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. त्यांनी त्याची छायाचित्रे आणि चित्रफीत घेतली. ११३ वर्षांनी मिळालेला हा पुरावा जगाने मान्य केला आणि त्यासाठी एकही गोळी झाडावी लागली नाही.

या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. पुरावा म्हणजे केवळ वस्तू नव्हे. वस्तू आणि तिच्याविषयीची खरी नोंद या दोन्ही मिळून पुरावा होतो. चिठ्ठी खोटी असेल तर खराखुरा पक्षीही खोटी साक्ष देतो.

ईगलनेस्टचा पाहुणा

आता मूळ कथेकडे येऊ. अरुणाचल प्रदेशच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यात ईगलनेस्ट अभयारण्य आहे. जानेवारी १९९५ मध्ये रमणा अत्रेय यांना तेथे एका अनोळखी पक्ष्याचे ओझरते दर्शन झाले. भारतातील पक्ष्यांच्या कोणत्याच पुस्तकात तो बसेना. त्यांनी नोंद करून ठेवली; घोषणा केली नाही. त्यानंतर तो पक्षी त्यांना पुन्हा दिसला तो थेट जानेवारी २००५ मध्ये. मधे दहा वर्षे गेली होती.

अत्रेय हे व्यवसायाने रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. शोधाच्या वेळी ते पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात होते. नारायणगावजवळ खोडद येथील प्रचंड रेडिओ दुर्बीण चालवणारी ती हीच संस्था. पुढे ते पुण्याच्याच आयसर संस्थेत गेले. खगोलशास्त्रज्ञाला ताऱ्याचा तुकडा कधीच हाती मिळत नाही. दुरून येणाऱ्या तरंगांची काळजीपूर्वक नोंद हाच त्याचा पुरावा असतो. अशा शास्त्रात वाढलेल्या माणसाने पक्ष्याबाबतही तोच मार्ग धरावा, हे अगदी स्वाभाविक म्हणावे लागेल.

मे २००६ मध्ये मिस्ट नेट लावून, म्हणजे इतक्या बारीक धाग्यांचे जाळे लावून की पक्ष्याला ते दिसत नाही, दोन पक्षी पकडण्यात आले. त्यांची मापे घेतली, छायाचित्रे काढली, सुटून पडलेली पिसे जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिले. पक्षी सुमारे वीस सेंटिमीटर लांब. अंग राखी-हिरवट, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे नारिंगी-पिवळा ठिपका, पंखांवर सोनेरी, किरमिजी आणि पांढरे पट्टे, शेपटीखाली किरमिजी रंग आणि काळ्या शेपटीच्या टोकांना ज्वाळेसारखी छटा. त्याचा सर्वांत जवळचा नातलग चीनच्या सिचुआन प्रांतातील एमेई पर्वतावर, हजार किलोमीटरहून दूर राहतो.

अत्रेय यांनी या पक्ष्याचे वर्णन २००६ मध्ये 'इंडियन बर्ड्स' या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. शास्त्रीय नाव ठेवले 'लायोसिक्ला बुगुनोरम'. ज्या बुगुन लोकांच्या प्रदेशात हा पक्षी सापडला, त्यांचा मान म्हणून हे नाव. एखाद्या गव्हर्नराचे किंवा संग्राहकाचे नाव पक्ष्याला देण्याच्या जुन्या प्रथेशी हे ताडून पाहण्यासारखे आहे.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. तोपर्यंत एकूण फक्त चौदा पक्षी दिसले होते. चौदातला एक पक्षी प्ररूपासाठी मारणे म्हणजे ज्ञात संख्येच्या सात टक्के कमी करणे. तो विणीच्या जोडीतला असता तर नुकसान त्याहून मोठे. जातीला नाव देण्यासाठी जातच धोक्यात घालायची का, असा हा प्रश्न होता. अत्रेय यांनी पक्षी न मारण्याचा निर्णय घेतला.

मग वाद का झाला?

हा निर्णय सर्वांना पटला असे नाही. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. छायाचित्रात रंग प्रकाशानुसार बदलतो, मापे घेता येत नाहीत, हाडे आणि आतील रचना कळत नाही. पिसांवरून काही प्रश्न सुटतात, सगळे नाहीत.

याचे एक उदाहरण आधीच घडलेले होते. १९८८ मध्ये सोमालियातील बुलो बुर्ती येथे एक वेगळाच खाटिकवर्गीय पक्षी आढळला. १९८९ मध्ये तो पकडला, रक्ताचे नमुने घेतले आणि १९९० मध्ये सोडून दिला. १९९१ मध्ये नवी जात म्हणून त्याचे वर्णन झाले. नाव होते 'लॅनियारियस लिबरेटस', म्हणजे 'मुक्त केलेला'. पण २००८ मध्ये अधिक तपशिलाने केलेल्या डीएनए तपासणीत तो आधीच माहीत असलेल्या एका जातीचा निराळ्या रंगाचा पक्षी ठरला. मारलेला नमुना असता तर चूक टळली असती का? कदाचित नाही, कारण फसवणूक रंगानेच केली होती. शिवाय चूक उघडकीला आली तीही जपून ठेवलेल्या डीएनएच्या माहितीमुळेच.

प्राण्यांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम १ जानेवारी २००० पासून सुधारित स्वरूपात लागू आहेत. छायाचित्र किंवा चित्र पुढे करून वर्णन केले तर प्ररूप म्हणजे त्या चित्रातला प्राणी, असे हे नियम मानतात. तो प्राणी आज हाती नसला तरी केवळ तेवढ्याने नाव रद्द होत नाही. मात्र २०१७ मध्ये नियामक आयोगाने पुस्ती जोडली, की नमुना न जपता नवी जात जाहीर करणाऱ्याने तसे का केले याची कारणे नीट द्यावीत. थोडक्यात, हा राजमार्ग नव्हे. पक्षी फार थोडे असतील तेव्हा वापरायची ही वाट आहे.

बुगुन लायोसिक्ला मात्र स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली. अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत तिची नोंद झाली. २०१७ मध्ये सिंगचुंग गावच्या बुगुन लोकांनी अभयारण्याला लागून असलेले आपले सुमारे सतरा चौरस किलोमीटर जंगल सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करण्यास पुढाकार घेतला आणि २०१८ मध्ये त्यांच्या समितीला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. खणातल्या कातडीपेक्षा जंगलातल्या जिवंत पक्ष्याने ही जागा अधिक चांगली राखली, असे म्हणायला हरकत नाही.

कॅमेऱ्याचेही भान हवे

आज डिजिटल कॅमेऱ्यामुळे १/८ सेकंदाची अडचण बरीच दूर झाली आहे. हजारो लोक पक्ष्यांची छायाचित्रे घेतात. बंदुकीसारखी कॅमेऱ्याने जखम होत नाही. पण उपद्रव होऊ शकतो. घरट्याभोवती गर्दी झाली तर पालक पक्षी घरटे सोडतात. आवाजाची ध्वनिफीत वारंवार वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावले तर प्रतिस्पर्धी आला असे समजून तो चारा सोडून आपली हद्द राखत बसतो. एखाद्या जातीचे मोजकेच पक्षी उरले असतील तर एवढा त्रासही जड जातो. म्हणूनच अनेक छायाचित्र स्पर्धांमध्ये आता घरट्यावरची छायाचित्रे स्वीकारत नाहीत.

वर्गासाठी

शिक्षकांना हा इतिहास वर्गात आणता येईल. त्यासाठी अरुणाचलला जायला नको. आवारातले सातभाई पुरेत. पक्षी पकडायचा नाही, घरट्याला हात लावायचा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवान्याशिवाय तसे करणे गुन्हाही आहे. विद्यार्थ्यांचे दोन गट करावेत. पहिल्या गटाने मोबाइलवर सातभाईचे फक्त छायाचित्र घ्यावे, काही लिहू नये. दुसऱ्या गटाने छायाचित्र न घेता तारीख, वेळ, ठिकाण, थव्यातील संख्या, चोचीचा व डोळ्याचा रंग, चाल, आवाज आणि काय खाल्ले याची नोंद करावी. एका महिन्याने दोन्ही साहित्य तिसऱ्या गटाकडे द्यावे आणि पुढील प्रश्न विचारावेत :

१. हा पक्षी कोणता, हे कोणत्या साहित्यावरून अधिक खात्रीने सांगता येते?

२. तो कुठे, केव्हा आणि किती संख्येने होता, हे कशावरून कळते?

३. नोंद करणाऱ्याने एखादी गोष्ट मनाने घातली असेल, तर ती कशी ओळखाल?

चर्चेनंतर दोन्ही एकत्र करून एकच नोंदपत्रक तयार करावे. अशी पत्रके वर्षभर ठेवली तर शाळेचा स्वतःचा संग्रह तयार होतो. दर फेब्रुवारीत होणाऱ्या 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' या जागतिक पक्षिगणनेत या नोंदी पाठवताही येतात. मराठवाड्यातील पक्ष्यांची १९३१-३२ ची पाहणी बंदुकीने झाली. पुढची पाहणी शाळांनी वही, पेन्सिल आणि कॅमेरा घेऊन करावी. तिसऱ्या प्रश्नावर मात्र थोडा जास्त वेळ द्यावा. माइनर्ट्‌झहागेनची चिठ्ठी ऐंशीहून अधिक वर्षे खरी मानली गेली होती, हे विद्यार्थ्यांना सांगितले म्हणजे तो प्रश्न का विचारला आहे, हे त्यांच्या लक्षात येईल.